लाकडी माशाला गळ होते

आमच्या घरमालकांच्या दहाव्याला, नदीच्या घाटावर, एक गणपती कारखानदार चार शब्द बोलायला उभे राहिले. भाऊ आयुष्यभर बिनगळाची मासेमारी करत होते, असं ते म्हणाले. जीव घ्यायचा नाही, नुसता पाण्यावरचा खेळ बघायचा. असा संतवृत्तीचा माणूस पेणमध्ये पुन्हा होणे नाही. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. कावळा लगेच शिवला, त्यामुळे भाऊंची कुठलीही इच्छा राहिली नव्हती, असंही तिथल्या तिथे ठरलं.

कावळ्याचं सोडून देतो. बाकीचं खरं नाही. भाऊंच्या लाकडी माशांना गळ होते. प्रत्येक माशाला पोटाखाली एक आणि शेपटीला एक, आणि प्रत्येक गळाला तीन-तीन टोकं. त्यांतलं एक टोक एकदा माझ्या पँटमधून आरपार गेलं होतं, आणि पँट तेव्हा माझ्या अंगावर होती. तेव्हा या विषयात मी ऐकीव बोलत नाही. गळ पुढे काढले गेले, हे खरं. ते का काढले हे फक्त मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळे काढले गेले. आता माझंही वय झालं. घाटावर मान हलवली ती हलवली, कागदावर तरी सरळ लिहावं म्हणून बसलो आहे.

मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होतो आणि बायको पेणच्या शाळेत होती. दोघांचीही नोकरी हलण्यासारखी नव्हती, म्हणून बिऱ्हाड पेणला केलं आणि मी रोज रोह्याला जाऊ लागलो. रामवाडीत भाऊंच्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. सामान उतरवत होतो तेव्हा भाऊ अंगणात उभे होते. कपाट, गॅस, पंखा, कशाकडेही त्यांनी पाहिलं नाही. "कपडे कुठं वाळत घालणार?" एवढंच विचारलं.

"अंगणात."

"पूर्वेकडे नको. पूर्वेकडे माझा हात फिरतो."

याचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. मी अंगणात दात घासत होतो आणि शेजारच्या बादलीत डुबुक् करून काहीतरी पडलं. सुपारी होती. तिला तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, बांधलेला होता आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, काठी धरून भाऊ उभे होते. "हलू नका पाहुणे," ते म्हणाले, "आता मगात टाकतो." मग माझ्या हातात होता. सुपारी मगात पडली.

त्या घरात आम्ही इतकी वर्षं राहिलो की आमच्या मुलीचं लग्न त्याच अंगणातून झालं. पण मी शेवटपर्यंत पाहुणेच. भाडेकरू म्हणजे पाहुणा, फक्त लवकर न जाणारा, असं भाऊंचं म्हणणं.

पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. भाऊ कुठल्याच कारखान्यात नोकरीला नव्हते आणि सगळ्या कारखान्यांत होते. ते फक्त डोळे आखायचे. सोंड, कान, पीतांबर, उंदीर हे कुणीही रंगवावं. शेवटी भाऊ यायचे, बारीक ब्रश खिशाला पेनासारखा लावून. डोळे आखताना समोर कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. "पहिली नजर तुमच्यावर पडेल," ते म्हणत, "झेपेल का बघा." खुद्द कारखानदारही बाजूला होत. डोळे झाले की मूर्तीचं तोंड ते भिंतीकडे करून ठेवायचे. का, असं विचारलं तर म्हणत, "आत्ताच उघडलेत. आल्या आल्या हा पसारा कशाला दाखवायचा?"

त्यांचा मेहुणा बोटीवर होता. त्याने एकदा कुठल्याशा बंदरातून एक प्लास्टिकचा मासा आणला. हा मासा पाण्यावर तरंगतो, दोऱ्याने ओढला की डावी-उजवीकडे मान टाकत चालतो, आणि खालून मोठा मासा त्याला खरा समजून झडप घालतो. भाऊंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "डोळे चुकलेत."

"माशाला काय कळतंय?" मेहुणा म्हणाला.

भाऊंनी त्याच्याकडे अशा रीतीने पाहिलं की पुढच्या खेपेला त्याने सरळ अत्तर आणलं.

त्यानंतर भाऊ स्वतःच मासे करू लागले. पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं. घडण बोइट माशासारखी, लांबुडकी. रंग गणपतीतले उरलेले, त्यामुळे काही बोइटांच्या पाठीवर पीतांबराची झाक असे. डोळे शेवटी. आणि डोळे झाले की मासेही भिंतीकडे तोंड करून फळीवर मांडलेले. वहिनी म्हणायच्या, "घरात एवढे डोळे हायत, पण दूध उतू जाताना एकाला दिसत नाय."

गळाला कोळंबी लावून पाण्यात सोडायची आणि बसून राहायचं, ही आपल्याकडची रीत भाऊंना मान्य नव्हती. "भुकेल्याला काय पकडायचं?" ते म्हणत. "तो कशालाही तोंड लावतो. माझा मासा भुकेला नसतो, चिडलेला असतो. त्याच्या घरावरून कुणीतरी ऐटीत चाललंय, ते त्याला सहन होत नाही. तेवढ्यासाठी तो वर येतो." हे ते इतक्या आपुलकीने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच एखाद्या भावाबद्दल बोलताहेत.

तो मासा म्हणजे जिताडा. आमच्या खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या पट्ट्यात, मासे दोन प्रकारचे: खायचे आणि पोचवायचे. जिताडा पोचवायचा. अडलेला कागद, रखडलेली मोजणी, मुलाची नोकरी. योग्य त्या साहेबाच्या स्वयंपाकघरात जिताडा गेला की वाट सापडते, असा इथल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. स्वतः जिताडा खाणारा माणूस म्हणजे एक तर स्वतःच साहेब, नाहीतर त्याचं कुठे काही अडलेलं नाही. भाऊंना जिताडा आवडत नसे. "काटे कमी असतात," ते म्हणायचे, "जेवताना लक्ष राहत नाही." पेणमध्ये त्यांना अर्धा वेडा समजायला एवढं पुरेसं होतं.

भाऊ जात ते वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावाच्या बांधावर. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचा दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, त्याच्याबरोबर बारकी मासळी पडते, आणि बाहेर खारफुटीच्या मुळांत जिताडा तिची वाट बघत असतो. त्यामुळे उघाडीची मासळी ही गावाची मिळकत. दरवर्षी तिचा लिलाव व्हायचा. लिलाव ज्याचा, त्याच्याशिवाय तिथे कुणी जाळं टाकायचं नाही की गळ. तो वर्षानुवर्षं हिराजीकडे होता.

भाऊ रीतसर परवानगी मागायला गेले. गावकी बसली. लाकडी मासा हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने तो चावून पाहिला. बराच खल होऊन असं ठरलं की लाकडाच्या माशाला मासा लागत नाही, तेव्हा ही मासेमारी नव्हे. "मारा," हिराजी म्हणाला. "लाकराला लाकूड गावला त निम्मा निम्मा." सगळे हसले आणि परवानगी मिळाली. म्हणजे भाऊंच्या संध्याकाळी एकाच गोष्टीवर टिकून होत्या: त्यांना काही मिळता कामा नये.

अडचण अशी होती की त्यांना मिळत होतं.

मी साक्षीला जाण्यापूर्वी दोनदा त्यांना जिताडा लागला होता. दोन्ही वेळा त्यांनी तो सोडून दिला आणि परतताना वडखळ नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिताना तसं सांगितलं. जिताडा पकडला, यावर कदाचित कुणी विश्वास ठेवलाही असता. सोडला, हे ऐकल्यावर खारेपाटातल्या माणसाला आधीचं काहीच खरं वाटत नाही. लोक पोट धरून हसले. घरी सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "शेपटी तरी आणायची." त्यानंतर नाक्यावर कुणी "काय डोलेवाले, गावला काय?" असं विचारलं की भाऊ "नाही" म्हणत आणि चहा पीत.

पण ते हसणं त्यांना लागलं होतं. एकदा जिन्यात थांबून मला म्हणाले, "पाहुणे, मी आजवर जे जे केलं ते लोकांनी वाजतगाजत पाण्यात सोडलं. त्याचं काही नाही, ते त्यासाठीच असतं. पण हा मासा मी पकडतो, एवढं तरी कुणी पाहिलेलं असावं."

"पाहिलं आणि हिराजीला कळलं, तर तो बंदी घालेल."

"घालू दे. वेडा म्हणून आत घेतलं जाण्यापेक्षा मासेमार म्हणून हाकललेला बरा."

हे वाक्य मी जसंच्या तसं दिलं आहे, कारण पुढे जे झालं ते ठरवताना हे वाक्य मला माहीत होतं.

एके दिवशी दुपारी कंपनीत गेटवरून निरोप आला: तुमच्या घरून माणूस आलाय, ताबडतोब या. गेटवर बोलावणं म्हणजे कुणीतरी गेलं, हा कंपनीतला प्रघात. मी हेल्मेटसकट धावत सुटलो. गेटबाहेर भाऊ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. पेणहून रोह्यापर्यंत आले होते.

"काय झालं भाऊ?"

"उद्या बरोबर सूर्य बुडताना ओहोटी भरात असते. वाराही पडलाय. तुम्ही चला."

"अहो, हे फोनवर..."

"फोनवर तुम्ही नाही म्हणाला असतात."

वॉचमन जवळ आला. त्याने टोपी काढली होती. "कोन व्हते?" त्याने हळूच विचारलं. काहीतरी उत्तर देणं भाग होतं. "मामा," मी म्हणालो. भाऊंनी ताबडतोब मान खाली घातली, अगदी सभ्यपणे. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशीची रजा न मागता दिली. माझे मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

तर दुसऱ्या दिवशी, मामांच्या दुखवट्यात, मी भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून वडखळकडे निघालो. काठी माझ्या हातात, आणि काठीला मासा आधीच बांधलेला, कारण तिथे जाऊन बांधण्यात उजेड वाया जातो. हायवेचं काम चालू होतं, अजूनही आहे. पँटचा उल्लेख वर आलाय तो या प्रवासातला. मी ओरडलो तेव्हा भाऊंनी स्कूटर थांबवली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला बसलाय. धार बरी आहे."

बांधावर पोचलो तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलावर बारके खेकडे एकेक लाल नांगी उगारून हिंडत होते. पलीकडे खारफुटी आणि तिच्यावर परतीला आलेले बगळे. भाऊंनी चपला काढल्या, खिशातून कंगवा काढला आणि पाण्याकडे तोंड करून भांग पाडला.

"हे कशाला?"

"तो वर येणार आहे. आपण नीट नको दिसायला?"

मग त्यांनी काठी फिरवली. लाकडी मासा उघाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या मुळांपासून हातभर अंतरावर पडला. भाऊंनी तो लगेच ओढला नाही. पडल्याची वर्तुळं विरेपर्यंत थांबले. मग नुसतं मनगट हललं, खांदा नाही. डोळे आखताना हलतं तसंच. मासा डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि गुळणी केल्यासारखा बारीक आवाज करत, छाती काढून चालू लागला. खरं सांगतो, तो लाकडाचा आहे हे मी विसरलो. मला स्वतःलाच त्याचा थोडा राग आला.

काही झालं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा काही नाही. असं बरंच चाललं. डास आले. मी मानेवर, हातावर चापट्या मारत होतो. "टाळ्या नंतर," भाऊ म्हणाले.

सूर्य खारफुटीला टेकला आणि पाणी फुटलं. कुणीतरी आतून दार आपटावं तसा आवाज. लाकडी मासा हवेत उडाला आणि पुन्हा पाण्यावर येऊन पडला. गळाला काही नव्हतं. मी ओरडलो. भाऊ ओरडले नाहीत. "चिडला," ते पुटपुटले. बाळंतिणीच्या खोलीबाहेर "मुलगा झाला" असं सांगतात त्या सुरात.

"ओढा ना आता!"

"आता नाही. आता त्याला वाटू दे की आपण जिंकलो."

लाकडी मासा मेल्यासारखा पडून राहिला. मग भाऊंनी मनगट एकदाच, हललं न हललं असं हलवलं, आणि तो आला. काठी वाकली, रीळ किंचाळलं, आणि जिताडा अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकत, कल्ले खडखडवत. तो मुळांकडे धावला. मुळांत शिरला असता तर दोरा तुटला असता. भाऊ बांधावरून खाली चिखलात उतरले, मांडीपर्यंत रुतले, आणि काठी आडवी धरून त्याला मुळांपासून फिरवला. पुन्हा फिरवला. इस्त्रीचा शर्ट, पाडलेला भांग, सगळं चिखलात. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी तो आडवा झाला, आणि मी कधी चिखलात उतरलो, कधी त्याला पोटाखालून दोन्ही हातांनी उचललं, हेही मला नीट आठवत नाही. वजन आठवतं. भिजल्या लहान मुलासारखं.

संध्याकाळच्या उजेडात जिताड्याचा डोळा पेटतो. निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा लालसर सोनेरी. भाऊ खाली वाकले आणि त्या डोळ्यासमोर तोंड नेऊन बघत राहिले. तो त्यांच्याकडे बघत होता.

"असा नाही जमत मला," ते म्हणाले.

पक्कडीने त्यांनी दोन्ही गळ सोडवले. मग मासा माझ्याकडून घेतला, पाण्यात धरला आणि शेपटीपाशी पकडून मागेपुढे करू लागले, दमलेल्याला वारा घालावा तसं.

"भाऊ, जिताडा आहे तो."

"दिसतंय."

"निदान घरी दाखवून..."

"घरी न्यायचा तर मारून न्यावा लागेल. मग तो मासळी होतो." जरा थांबून म्हणाले, "आणि या वेळेला दाखवायची गरज नाही. तुम्ही आहात."

शेपटीचा एक फटकारा बसला आणि तो गेला.

नाक्यावरच्या हॉटेलात हिराजी आणि गावातले तिघे-चौघे बसले होते. आमचे कपडे बघूनच हशा पिकला. चहा आला. हिराजीने नेहमीचं विचारलं, "काय डोलेवाले, गावला काय?"

"मिळाला," भाऊ म्हणाले. "जिताडा."

"मंग कुठं हाय?"

"सोडला."

हॉटेल कोसळायचं बाकी राहिलं. कुणीतरी म्हणालं, "परत त्योच का?" भाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले. त्यांनी बशीत चहा ओतला नव्हता, कपाला हात लावला नव्हता. "या वेळी पाहुणे होते," ते म्हणाले. "त्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले.

"मी पलीकडे होतो," मी म्हणालो. "अंधार पडला होता. मला काही दिसलं नाही."

तीन वाक्यं, तिन्ही खोटी.

का, हे सांगायला हवं. माझी रजा खोटी होती आणि कंपनीतलं कुणी ऐकेल अशी भीती वाटली, हे कारण मी पुढे बरीच वर्षं मनाशी वापरलं. पण त्या दिवशी हॉटेलात कंपनीतलं कुणीही नव्हतं. भाऊंच्या संध्याकाळी वाचाव्यात, हिराजीने बंदी घालू नये म्हणून मी नाही म्हणालो, हे त्याहून चांगलं कारण. ते मला स्कूटरवर परतताना सुचलं. खरं कारण एवढंच की सगळे हसत होते, आणि हसणाऱ्यांच्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती. पेणमध्ये एक वेडा पुरे होता. दुसरा व्हायची माझी तयारी नव्हती.

भाऊंनी कप उचलला. त्यांनी चहा संपवला. स्कूटरला किक मारताना फक्त म्हणाले, "पाहुणे, काठी सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात पाटावर बसले होते. समोर वर्तमानपत्र, त्यावर सगळे लाकडी मासे, आणि हातात पक्कड. एकेक मासा घेऊन त्याचे गळ काढत होते. काढलेले गळ एका डब्यात टाकत होते. मी जिन्यावर उभा राहिलो.

"काय करताय भाऊ?"

"गंजतात," ते म्हणाले.

आठवड्याभराने त्यांनी एकदा विचारलं, "उद्या ओहोटी बरी आहे, येता?" मी म्हणालो, मला शिफ्ट आहे. माझी सुट्टी होती आणि ते त्यांना माहीत होतं, कारण माझ्या बायकोने सकाळीच वहिनींना सांगितलं होतं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. बाकी कशातही फरक पडला नाही. सुपारी बादलीत पडत राहिली, चतुर्थीला मोदक वर येत राहिले. एकदा धीर करून मी जिन्यात "भाऊ, त्या दिवशी..." असं सुरू केलं. "तुमच्या नळाचं वायसर गेलंय," ते म्हणाले, "थेंब थेंब ऐकू येतो." आणि वर जाऊन वायसर बदलून आले.

उघाडीवर ते जातच राहिले. मासा टाकायचे, चालवायचे, पाणी फुटायचं, बिनगळाचा मासा हवेत उडायचा, आणि ते दोरा गुंडाळून घरी यायचे. नाक्यावर कुणी विचारलं की "नाही" म्हणायचे. आता ते खरं होतं. मग हळूहळू लोकांना त्यांच्या बिनगळाच्या मासेमारीचं कौतुक वाटायला लागलं. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं शूटिंगही केलं. वेड्याचा संत झाला, आणि त्याला साक्षीदार लागत नाही.

गेल्या वर्षी गणपती उरकून, सगळे डोळे आखून झाल्यावर, भाऊ गेले. दहाव्याचं भाषण ऐकून आल्यावर मला चैन पडेना. चार दिवसांनी खाली गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, भाऊंनी खरंच जिताडा धरला होता. मी तिथं होतो. माझ्या हातात होता तो. मी नाक्यावर खोटं बोललो."

वहिनींचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय हॉटेलात बसते? जिथं नाय म्हणालात तिथं जाऊन व्हय म्हणा."

ते हॉटेल रस्तारुंदीत गेलं. म्हणून मी हिराजीच्या घरी गेलो. तो आता ओटीवर बसून असतो. बांध दोन ठिकाणी फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, उघाडी खारफुटीने झाकली. लिलाव कशाचा करणार? मला त्याने ओळखलं. तंबाखू मळत म्हणाला, "या कंपनीवाले. डोलेवाला गेला ना."

"त्याबद्दलच आलोय. त्या दिवशी मी नाही म्हणालो होतो, आठवतंय? त्यांनी जिताडा पकडला होता. मी पाहिला."

"ह्ये सांगाया आलाव इथवर?"

"हो."

"मना म्हाईत व्हता."

"कसं?" मी विचारलं.

"तुमच्या सदऱ्याच्या बाहीला खवला व्हता," हिराजी म्हणाला. "रुपयायेवरा. दिव्याखाली चकाकत व्हता. आनि तुमी बोलत व्हताव बशीत बगून."

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलनार? लिलाव माझा. मी व्हय बोललो आसतो त दुसऱ्या दिशी गावकीनं त्याला बंद केला आसता. तुमी नाय बोललाव, मना बरा वाटला. म्हनला, चला, म्हातारा येत ऱ्हाईल. तो नाय आला का उघारीवर करमायचा नाय मना."

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून भाऊंच्या संध्याकाळी वाचवल्या होत्या. त्यांना त्या तशा वाचवून नको होत्या, हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं. ते मी हिराजीला सांगितलं. बंदी त्यांना चालली असती, म्हणालो. त्यांना फक्त कुणीतरी खरं मानायला हवं होतं.

हिराजीचा अंगठा तळहातावर थांबला. तंबाखू तशीच राहिली. ओटीखाली कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडे तो पाहत बसला. मग एकदम म्हणाला, "केवरा व्हता?"

मी दोन्ही हात पसरले.

त्याने एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "नाय," तो म्हणाला.

"काय नाय?"

"येवरा जिताडा त्या उघारीला नाय. जलम गेला माझा तिथं."

"होता."

"हात जवल घ्या."

"मी उचललाय तो, हिराजी."

"ए, बगा रं!" त्याने शेजारच्या ओटीवरच्या दोघा म्हाताऱ्यांना हाक मारली. "डोलेवाल्यानं जिताडा धरला व्हता, आनि ह्ये सांगतान येवरा!"

दोघे काठ्या टेकत आले. एक म्हणाला, वीतभर तरी कमी. दुसरा म्हणाला, त्याच्या बापाने एकदा असाच धरला होता, पण तो थोरल्या खाडीत. हिराजी म्हणाला, थोरल्या खाडीची गोष्टच वेगळी. तिघांचं भांडण लागलं. पकडला होता का, हे कुणीच विचारलं नाही.

माझे खांदे भरून आले होते. मी हात जवळ आणले नाहीत.